काचेआड निजलेलं वादळ

"अहो, आज ती राजेशाही गादी मी विकून दाखवते की नाही, बघाच तुम्ही!"

सकाळी दारात उभं राहून तिनं नवऱ्याला ठणकावून सांगितलं. मग एवढं ठणकावून दमली म्हणून चपला घालायला खाली बसली आणि ती बसलीच!

माहेरी तिला वादळ म्हणत. घरात अशी भिरभिरायची की पडदा वाऱ्यानं हलला की हिच्यामुळे, ते कळायचं नाही! पण गेल्या वर्षभरात त्या वादळाची झुळूक झाली होती. सकाळी उठावं तर अंग असं जड, जणू रात्रभर पोती वाहिलीत. पापण्या भिजलेल्या रजईसारख्या. केस डोक्यावर कमी आणि कंगव्यात जास्त. सगळं जग घामानं निथळत असताना ही आपली स्वेटरात!

नवरा म्हणायचा, "वादळ कसलं? ढग आहेस तू, ढग! एका जागी बसलेला!"

तो हसायचा, तीही हसायची. मग ओट्याकडे तोंड करून पदरानं डोळे टिपायची. कारण आपण आळशी झालो आहोत, असं आताशा तिचं तिलाच वाटू लागलं होतं.

त्यातच ती ज्या गाद्यांच्या दुकानात विक्रीला होती, तिथल्या मालकांनी जाहीर केलं, की शहराच्या दुसऱ्या टोकाला गाद्यांचं नवं दुकान निघणार आणि राजेशाही गाद्या जो जास्त खपवेल, तो तिथला प्रमुख! वादळानं मनाशी गाठ बांधली. आळशी बाईला कुणी प्रमुख करतं का? नाही ना? मग ती खुर्ची मिळाली, की सगळ्यांची तोंडं बंद! सगळ्यात आधी स्वतःचं.

आता तिच्या दुकानाची एक रीत होती. गिऱ्हाईक चारचौघांत आडवं व्हायला लाजतं. म्हणून आधी विकणाऱ्यानं आडवं व्हायचं आणि निजल्या निजल्या गादीचे गुण गायचे. त्या दिवशी एक निवृत्त मास्तर आणि मास्तरीणबाई आल्या. वादळ गादीवर आडवी झाली आणि तिनं स्वतः रचलेलं गाणं सुरू केलं :

"अंग टेका, भार विसरा, शिणला जीव जरा पसरा... पाठीला आधार, मानेला थार..."

थारच्या पुढे नुसतं "घुर्रर्र!"

मालक काउंटरमागून धावत आले. चेहरा लालबुंद! ते ओरडणार, तोच मास्तरांनी ओठांवर बोट ठेवलं. "शूऽऽ! उठवू नका! बोलता बोलता झोपली हो! आम्हाला हीच पाहिजे!"

"ही बाई?"

"गादी हो, गादी!" मास्तरीणबाई कडाडल्या.

गादी खपली! वादळ डोळे चोळत उठली आणि नोकरी गेली या भीतीनं रडायलाच लागणार होती, तर मालक पुढ्यात हात जोडून उभे! "ताई, अहो काय ही कला! उद्यापासून तुम्ही काही करू नका. नुसत्या झोपा!"

दुसऱ्या दिवशी गादी रस्त्याकडेच्या मोठ्या काचेच्या खिडकीत गेली आणि गादीबरोबर वादळही. बाहेर ही गर्दी! कुणी काचेला नाक लावतोय, कुणी पोराला उचलून दाखवतोय, कुणी म्हणतोय मेणाची बाहुली आहे! मालकांनी तर तिला "आमच्या गादीचा जिवंत पुरावा" म्हणायला सुरुवात केली. गाद्या खपत होत्या, खुर्ची जवळ येत होती आणि वादळ घोरत होती.

अशात एक डॉक्टरीणबाई उशी घ्यायला आल्या. खिडकीत वाकून त्यांनी बराच वेळ तिच्याकडे पाहिलं आणि तिला हलवून जागं केलं. मालकांचा जीव वरखाली!

"एवढ्या उकाड्यात स्वेटर? झोपून उठल्यावर ताजंतवानं वाटतं का हो?"

"ताजं?" वादळ घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मी झोपून उठले, की इतकी दमते, की मला झोपावं लागतं!"

"मग ही गादीची करामत दिसत नाही. आधी रक्त तपासून या."

तपासणी झाली. वादळ डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन बसली.

"तुमच्या गळ्यात फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते, थायरॉइड. ती जे हार्मोन बनवते, ते फार कमी पडलंय. म्हणून हा थकवा, ही थंडी, हे केस गळणं."

"म्हणजे... मी आळशी नाही?"

"मुळीच नाही! ग्रंथीनं काम टाकलंय."

"म्हणजे आळशी ती! मी नाही!" वादळानं टेबलावर अशी थाप मारली, की पेनं खाली पडली!

घरी पोचल्यावर ती जिन्यातूनच ओरडली, "अहो, मी आजारी आहे! खरोखर आजारी आहे!" नवरा बनियनवर धावत बाहेर आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग तिच्यासमोर उकिडवा बसून तिच्या चपलांचे पट्टे सोडू लागला.

"मी तुला ढग म्हणायचो गं..."

"म्हणायचात. आता चहा टाका."

रोज सकाळी उपाशीपोटी एक छोटीशी गोळी. काही आठवडे गेले आणि एका सकाळी वादळाला गजराआधी जाग आली. अंग हलकं! पिसासारखं! स्वेटर कपाटात गेला, आवाज गळ्यात परत आला, फुलपाखरानं पंख झटकले म्हणायचं!

आणि नेमकं नव्या दुकानाचं उद्घाटन आलं. मालकांनी बजावलं, "ताई, आज शेवटचं झोपा. झोपलात की किल्ल्या तुमच्या!"

आता आली का पंचाईत! वादळ नव्या दुकानाच्या खिडकीत आडवी झाली. डोळे मिटले, तर पापण्या थुईथुई नाचू लागल्या. डावा पाय आपोआप ताल धरू लागला. बाहेर मालक माइक घेऊन गरजत होते, "या गादीवर थकवा टिकतच नाही! बघा, बघा कशी झोपलीय!"

तेवढ्यात गर्दीतून मास्तर मास्तरीणबाईंना घेऊन पुढे आले. "अहो, आम्ही नेली की ही गादी! मी रात्रभर टक्क जागा, आणि ही रात्रभर झोपूनही दिवसभर गळून गेलेली!"

"मग दोष तुमच्यात आहे!" मालक म्हणाले.

"बघा, मी म्हणत होतेच," मास्तरीणबाई माइकजवळच पुटपुटल्या, "माझंच काहीतरी चुकतंय. मीच आळशी झालेय."

तो आवाज वादळाच्या ओळखीचा होता. ओट्याकडे तोंड करून तिनं तो वर्षभर ऐकला होता.

ती टुणकन उठून बसली!

"झोप गं! झोप!" मालक दात-ओठ खाऊन कुजबुजले, पण हातातला माइक चालूच होता! रस्ताभर "झोप गं झोप" घुमलं!

वादळानं खिडकीतून उडी मारली, दारातून बाहेर धाव घेतली आणि माइक हिसकावला. "मंडळी, मी या गादीमुळे झोपत नव्हते! मी आजारी होते! गादी चांगली आहे, पाठीला आराम देईल, पण थकवा जातच नसेल, तर गादी बदलू नका, आधी डॉक्टरांना गाठा! काकू, तुम्ही उद्याच रक्त तपासून घ्या. आळशी नाही आहात तुम्ही! आणि मास्तर, दुपारी किती झोपता?"

"जेवणापासून चहापर्यंत."

"मग रात्री गादीनं काय करायचं? अंगाई म्हणायची?"

गर्दी खो खो हसली. मालक आत जाऊन मटकन राजेशाही गादीवर बसले आणि रुतले. पण लोक हलेनात! खरं बोलणारी गादीवाली त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती. दिवे लागेपर्यंत खिडकीतल्या गादीसकट सगळ्या गाद्या संपल्या. मालकांनी किल्ल्या तिच्या हातावर ठेवल्या. अट एकच : "यापुढे दुकानात झोपायचं नाही!"

असं ते वादळ दुकानात स्थिरावलं आणि घरात सुटलं! उजाडायच्या आत कपाटं सरकवायची, माळे उपसायचे, भिंती रंगवायच्या, आणि कपाटाच्या दुसऱ्या टोकाला कोण? नवरा! शेवटी तो बिचारा भिंत धरत धरत डॉक्टरीणबाईंकडे गेला. मोठ्या आशेनं रक्त दिलं. "माझीही ग्रंथीच असणार!"

सगळं काही उत्तम निघालं.

"कमाल आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा थकवा नक्की कधीपासून आहे?"

नवऱ्यानं दाराकडे एकदा चोरून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"हिला बरं वाटायला लागलं ना, तेव्हापासून!"