विजापूर, बदामी, हंपी आणि चौगुले आण्णा

कोल्हापुरातल्या निम्म्या इमारतींशी चौगुले आण्णांचं भांडण आहे. माणसं माणसांशी भांडतात, आण्णा बांधकामांशी भांडतात. सकाळी फिरायला निघाले की शाहूपुरीतल्या एखाद्या नव्या अपार्टमेंटसमोर थांबतात, कमरेवर हात ठेवतात आणि भर रस्त्यात तिला झापतात.

"ह्याला खिडकी म्हणत्यात व्हय? कोंबड्याचं खुराडं तरी मोठं असतंय की!"

वॉचमन बाहेर येतो. मग त्यालाही ऐकावं लागतं.

आण्णा आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. वय अडुसष्ट. सरकारी बांधकाम खात्यात पस्तीस वर्षं ड्राफ्ट्समन होते, नकाशे काढून काढून निवृत्त झाले. एकटेच असतात. लग्न का केलं नाही, असं मी एकदा धीर करून विचारलं होतं. "सवड न्हाय मिळाली," म्हणाले आणि दार लावून घेतलं. आमच्या इमारतीच्या जिन्यावरही त्यांचा राग आहे. पायऱ्यांची उंची सारखी नाही म्हणतात. त्याला शिक्षा म्हणून पाय आपटत चढतात. शिक्षा आम्हाला होते, कारण जिना आमच्या बेडरूमला लागून आहे.

तर गेल्या जानेवारीत माझ्या बायकोनं, सुनीतानं, सहल काढली. चार दिवस जायचं, जुन्या इमारती आणि लेणी बघायची, आणि जिथं जाऊ तिथलंच काहीतरी चांगलं खायचं. कल्पना उत्तम होती. मी ती जिन्यात आण्णांना सांगितली, इथं चुकलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आण्णा ट्रेसिंग पेपरची गुंडाळी घेऊन हजर. विजापूर, बदामी, हंपी. सगळा कार्यक्रम काळ्या शाईत, प्रमाणात काढलेला. कुठल्या कमानीसमोर किती मिनिटं उभं राहायचं तेही लिहिलेलं. जेवणाचे चौकोन वेगळे.

सुनीतानं भाबडेपणानं आपला फोन पुढे केला. "आण्णा, यात पाहायलाच हवीत अशी दहा ठिकाणं दिलीत."

"धाच? कुनी मोजली? फोनवाल्यानं?" आण्णा ताडकन उठले. "नुसतं फोटू काढून माघारी यायचं असंल तर कॅलेंडर आना आनि भिंतीला लावा! पेट्रोल कशाला जाळताय?"

सुनीताही काही कमी नाही, कागलची आहे. तिनं ऐकून घेतलं नाही. "एवढं कळतंय तर तुम्हीच चला की आमच्याबरोबर!"

हा टोमणा होता. आण्णांनी कागदाची गुंडाळी काखेत मारली. मग म्हणाले, "किती वाजता?"

विजापुरात गोल घुमटाच्या वरच्या गॅलरीत शाळेची एक सहल आली होती. पोरं किंचाळत होती, शिट्ट्या मारत होती, घुमट त्या शिट्ट्या परत करत होता. आण्णांनी दोन मिनिटं सोसलं. मग हात वर करून गरजले, "गप बसा!"

घुमटानं ते उचललं. गप बसा, गप बसा, गप बसा... सात वेळा. पोरांचा आनंद गगनात मावेना. पुढची दहा मिनिटं दीडशे पोरं मिळून आण्णांना "गप बसा" म्हणत होती आणि घुमट प्रत्येकाचं सात वेळा ऐकवत होता. आण्णा खाली उतरेपर्यंत लालबुंद झाले होते. मी हसलो, तर माझ्याशी जेवणापर्यंत बोलले नाहीत. जेवताना बोलले ते सुनीताशी, कारण तिनं पावभाजी मागवली. "कोल्हापुरात पाव संपलं व्हय?" सगळं हॉटेल वळून बघायला लागलं.

खरी ठिणगी बदामीत पडली. सकाळी सातला निघायचं ठरलं होतं. सुनीताचं डोकं दुखत होतं, लॉजमधून बाहेर पडायला सव्वाआठ वाजले. आण्णा सातपासून गाडीला टेकून उभे.

"चौदाशे वर्सं ती लेनी तुमच्यासाठी थांबल्यात, आनि तुमास्नी तासभर लवकर उठता येत न्हाय!"

सुनीता गोळी गिळून गाडीत बसली. तिसऱ्या लेण्यापर्यंत चढून गेल्यावर सुनीता एका कडेला खाली बसली. आण्णा खांबावरची नक्षी समजावत होते. मागे बघितलं नि ओरडले, "बसायला आलायसा व्हय? बाग हाय का ही?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझं डोकं फिरलं.

"बास, आण्णा! सकाळपासून तिचं डोकं दुखतंय. आम्ही फिरायला आलोय, तुमच्या शिव्या खायला नाही. हंपी रद्द. उद्या सकाळी सरळ कोल्हापूर!"

माझा आवाज एवढा चढला होता की शेजारचा गाईड बोलायचा थांबला. आता आण्णा फुटणार म्हणून मी तयारीत उभा. पण ते "बरं" एवढंच म्हणाले. हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. त्यांनी ट्रेसिंग पेपरची घडी केली आणि खिशात टाकली.

दुपारी एका खानावळीत आम्ही तिघं एका टेबलाशी तीन दिशांना तोंडं करून बसलो. ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी. जेवण अप्रतिम होतं, याचाही राग येत होता. आण्णांनी अर्धी भाकरी खाऊन ताट सरकवलं.

चुलीपुढं एक म्हातारी भाकऱ्या थापत होती, ऐंशीच्या घरातली. ती तशीच पिठाच्या हातानं उठून आली आणि ताटात उरलेल्या अर्ध्या भाकरीकडे बोट दाखवत आण्णांवर कडाडली. "याको तम्मा! इष्ट उंड्र ह्यांग?"

आता म्हातारीचं काही खरं नाही, असं मला वाटलं. आण्णा ताटावर हात आडवा धरून, मान खाली घालून म्हणाले, "साक, अव्वा."

तिनं ऐकलं नाही. एक गरम भाकरी ताटात आदळली. आण्णा मुकाट्यानं खायला लागले. ती रागावत होती, ते खात होते, मधेच कानडीत उत्तर देत होते. त्यांचा एवढा मऊ आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"आण्णा, तुम्हाला कानडी येतं?"

"आई गडहिंग्लजच्या खालची. घरात कानडीच." ते ताटाकडेच बघत होते. "ती पन मला तम्मा म्हनायची, लेकरा म्हनत्यात तसं. ती जाऊन सतरा वर्सं झाली. बोलायला समोर मानूस लागतं की."

म्हातारीनं आमच्याकडे बोट करून त्यांना काहीतरी विचारलं. आण्णा हळूच म्हणाले, "नन्न मग... सोसी." मला त्यातलं 'मग' तेवढं कळलं आणि मी पुढचं ऐकायला थांबलो. पुढं आलं ते सगळं कानडीच. म्हातारीनं मात्र सुनीताच्या ताटात दह्याचा मोठा गोळा वाढला आणि तिच्या गालावरून उलटा हात फिरवला.

पैसे देताना गल्ल्यावरचा माणूस मराठीत म्हणाला, "तुमचे वडील कानडी झकास बोलतात."

"वडील?"

"अव्वाला तेच सांगत होते ना. माझा मुलगा आणि सून. कामधंदा सोडून मला फिरवायला आणलंय म्हणाले."

मी तोंड उघडलं होतं. सुनीतानं माझं मनगट घट्ट दाबलं.

बाहेर आण्णा आमच्याकडे पाठ करून गाडीशी उभे होते. सुनीता त्यांच्याजवळ गेली.

"आण्णा, उद्या हंपीला किती वाजता निघायचं?"

ते वळले नाहीत. खिशातला ट्रेसिंग पेपर काढून त्यांनी बॉनेटवर उलगडला.

"पाचला," ते खेकसले. "पाच म्हंजे पाच." मग खाकरले. "आनि डोकं दुखत असंल तर सांगायचं. मग साडेपाचला."