हरणाबाईच्या कोंबड्याविषयी सतरा मते

माझी बायको हरणाबाई गेल्याचे मंगळवारी दिवस उगवताना कळले. कोंबडा आरवला आणि ती उठली नाही, त्यावरून कळले. ऊन अंगणात येईपर्यंत तो कोंबडा कसा मारावा यावर गावात चार मते झाली होती.

माणूस मेल्यावर लोक मरणाविषयी फार बोलत नाहीत. मारण्याविषयी बोलतात. त्यात मन रमते.

कोंबडा नवसाचा. आमचा मुलगा लालासाहेब पलटणीबरोबर इटलीत लढायला गेला तेव्हा हरणाबाईने गावदेवीला कोंबडा कबूल केला होता. शेहेचाळीस साली लालासाहेब धडधाकट परत आला. (देवीने आपले काम वेळेत केले, तक्रार नाही.) त्यानंतर हरणाबाई दर मंगळवारी कोंबडा उचलून बघायची आणि म्हणायची, "अजून हलका हाय." तो तीन शेर भरत होता. सहा महिने तो हलकाच राहिला.

आता नवस माझ्याकडे आला. सुतकात जीव घेता येत नाही. बोलायला मात्र सुतक नसते. त्यामुळे दहा दिवस चर्चा झाली. चावडीवर झाली, विहिरीवर झाली, दहाव्याची हजामत करतानाही झाली (वस्तरा गळ्यावर असताना मी सर्व पद्धतींना होकार दिला).

माझा मेहुणा नाथाजी माधवनगरच्या गिरणीत कामाला आहे. तो म्हणाला, "दाजी, मान मुरगाळायची. एक पीळ, काम खल्लास." नाथाजीने आजवर फक्त ओले धोतर पिळले आहे.

भावकीतली धोंडुबाई म्हणाली, "हत्यार कशाला लागतंय? माझ्या सासूनं नुसतं बोलून बोलून सासरा मारला." या पद्धतीला तीस वर्षे लागली. कोंबडा तितका जगत नाही.

गुरुजींनी वर्तमानपत्रात वाचलेला नवा बाँब सांगितला. एकाच बाँबात सबंध शहर जाते म्हणाले. ऐकून मंडळींना हुशारी वाटली. पण मग प्रसाद उरणार नाही, म्हणून तो बेत मागे पडला.

लालासाहेबाला बंदूक सुचवण्यात आली. तो म्हणाला, "आबा, मला लांबनं मारायची सवय हाय. ह्यो तोंडाकडं बघतोय." एवढे बोलून तो बूट घालून रानात गेला.

दादू मुलाणी गावातले कापायचे काम करतो. त्याला मत विचारले तर म्हणाला, "मला मत न्हाई. सुरी हाय." म्हणून त्याला बैठकीत घेतले नाही.

मी मोजले. एकूण सतरा मते पडली. मत देणाऱ्यांपैकी सोळा जणांनी जन्मात ढेकणापलीकडे काही मारलेले नाही. सतराव्याने मारले आहे, आणि तो रानातून जेवायलाही आला नाही.

दहाव्याला ओढ्यावर पिंड ठेवले. कावळा शिवेना. कारण सर्वांना ठाऊक होते. नाथाजीने हात जोडले, "आक्का, काळजी करू नगंस! उद्याच मान मुरगाळतो!" कावळा दोन पावले मागे सरकला. मग प्रत्येकाने आपापली पद्धत सांगून शब्द दिला. गुरुजींचे ऐकून तर तो पलीकडच्या बाभळीवर जाऊन बसला. ऊन डोक्यावर आले, लोकांच्या पोटात कावळे ओरडू लागले, पण पाहिजे तो कावळा येईना.

मी पिंडाजवळ वाकलो आणि कुणाला ऐकू जाणार नाही असे म्हणालो, "आगं, ऱ्हाऊ दे त्याला. दाणे मी टाकीन."

कावळा आला आणि शिवला.

"बघा!" नाथाजी ओरडला. "मुरगाळायचं म्हटल्यावर कसा आला!" ते तसेच मान्य झाले.

हे होऊन चार महिने झाले. सकाळी कोंबडा आरवतो, मी उठतो, दाणे टाकतो. देवीला दिलेला शब्द एकीकडे, हरणाबाईला दिलेला एकीकडे, मध्ये कोंबडा. लोक अजून नव्या पद्धती घेऊन येतात. मी दर मंगळवारी तो उचलून बघतो आणि सांगतो, "अजून हलका हाय."

तुम्हीही इथवर वाचताना मनात एखादी पद्धत ठरवली असेल. पत्राने कळवू नका, स्वतः या. सुरी दादू देईल. धरायचे तुम्ही. तो तोंडाकडे बघतो, एवढे ध्यानात असू द्या.

नवस फेडायचा राहिला आहे.