इनासबाबांचा चुना

एका जंगलात त्या दिवशी मळभ दाटलं होतं. वारा मेल्यागत पडलेला. भिंतीला लावलेला चुना काही केल्या वाळेना.

भिंत कशाची, विचारा की. इगर्जीची. म्हणजे जंगलातल्या जुन्या चर्चची, बाळांनो. इनासबाबा नावाचं म्हातारं कासव दरवर्षी सणाआधी तिला चुना लावायचं. त्यांचा बाप लावायचा, आजाही लावायचा. यंदा घाई होती. रविवारी नातीचं, रेमेतचं, लग्न तिथंच लागायचं होतं.

तेवढ्यात शहराकडून एक सुतारपक्षी आला. गळ्यात चष्मा.

"आजोबा, किती जुनी असेल हो ही?"

इनासबाबांची मान कवचातून वीतभर बाहेर आली. "दोनशे वर्षांची! माझ्या आजानं बांधताना पाहिली."

तिथंच चुकलं बघा.

"दोनशे!" सुतारपक्ष्यानं चोच पुसली. "मग हा चुना कशाला? आपण तिचं मूळ रूप बाहेर काढू."

"पण साहेब, रविवारी लग्न आहे..."

"मूळ इगर्जीत लग्न! नात भाग्याची आहे तुमची."

टकटक सुरू झाली. इनासबाबांचा चुना गळाला. खाली बापाचा. पांढरा. त्याखाली आजाचा. तोही पांढराच.

"अजून मूळ नाही," सुतारपक्षी म्हणायचा, अन् पुन्हा टकटक.

शनिवारी त्याची चोच पलीकडं निघाली. आतल्या मातीचं कधीच पीठ झालं होतं. भिंत उभी होती ती बापजाद्यांच्या चुन्यावर. ती बसली. मग कौलं खाली आली, घंटा आली. उरलं मोकळं माळरान.

"साहेब, हे हो काय?" इनासबाबा रडकुंडीला आले.

सुतारपक्ष्यानं चष्मा चढवला. चारी बाजूंनी नीट पाहिलं.

"हेच मूळ रूप. इगर्जी बांधायच्या आधीचं!"

अन् त्यानं भोवती दोरी बांधली, पाटी लावली: 'ऐतिहासिक जागा. आत पाय ठेवू नये.'

रेमेतचं लग्न दोरीबाहेर, बोरीच्या काट्यांत लागलं. घंटा फुटलेली, म्हणून शेजारचा पास्कू बेडूकच जमेल तेवढा ओरडला. साहेब पहिल्या पंगतीला जेवला.

तात्पर्य: ते पास्कूनंच पंगतीत इनासबाबांच्या कानात सांगितलं. "बाबा, तो साहेब मघापासून तुमच्या पाठीकडं बघतोय. वय विचारलं, तर गेल्या पावसाळ्यातला जन्म सांगा!"