गावंडे काकांचं खारं पाणी

गावंडे काकांच्या घरात पाऊल टाकायच्या आधी दारातच दोन्ही हात पुढे करावे लागतात. काका ते हुंगतात. साबण, अत्तर, खोबरेल, डासांचं मलम, कशाचाही वास आला की माणूस परत. एकदा आमच्या सोसायटीचे अध्यक्ष गच्चीच्या गळतीचं बोलायला आले, तर काकांनी त्यांचे हात हुंगले आणि म्हणाले, "साहेब, नुसत्या पाण्यानं धुऊन या जी." अध्यक्ष गेले ते गेलेच. गच्ची अजून गळते.

हे सगळं कशासाठी, तर काकांच्या बैठकीत समुद्र आहे.

हो, बेसा भागातल्या तिसऱ्या मजल्यावर समुद्र. नागपुरातून कोणत्याही दिशेला निघा, समुद्र लागेपर्यंत जीव आंबून जाईल. पण काकांकडे दिवाणाएवढी लांब काचेची टाकी आहे, तिच्यावर निळा दिवा, आत पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे आणि पोवळी. पोवळं म्हणजे अंगठीतला खडा एवढंच मला माहीत होतं. काकांकडे पाहिलं तेव्हा कळलं की तो जीव आहे, फुलतो, मिटतो आणि रुसून मरतोही. "मंगळासाठी बोटात घालत होतो, आता पोसून राहिलो," काका म्हणतात.

पोसणं म्हणजे मुख्यतः पाणी बदलणं. दर रविवारी टाकीतलं थोडं पाणी काढून तेवढंच ताजं खारं पाणी घालायचं. ऐकायला सोपं आहे. मीही पहिल्यांदा म्हटलं होतं, "काका, त्यात काय, किलोभर मीठ टाका आणि ढवळा." काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या घरी विष घालायला आलोय.

"भाऊ, जरासं चुकलं का खल्लास."

हा त्यांचा ठेवणीतला शब्द. नळाचं पाणी घातलं, खल्लास. स्वयंपाकाचं मीठ, खल्लास. आधी मीठ ओतून वरून पाणी, खल्लास. म्हणून शनिवारी सकाळपासून त्यांचं फिल्टर थेंबथेंब गळत राहतं आणि मागच्या गॅलरीतला निळा ड्रम भरत राहतो. मग त्यात समुद्राचं खास मीठ मूठमूठ सोडायचं, एक छोटी मोटर लावायची आणि पाणी रात्रभर गोल फिरू द्यायचं. मे महिन्यात ते पाणी चहासारखं तापतं, म्हणून बर्फाच्या बाटल्या तरंगत सोडायच्या. शिवाय टाकीतलं पाणी उन्हानं उडतं आणि मीठ काही उडत नाही, त्यामुळे समुद्र आपोआप जास्त खारा होत जातो. हे कळलं त्या दिवशी काका जेवले नव्हते.

खारटपणा मोजायला त्यांच्याकडे दुर्बिणीसारखी एक नळी आहे. तिच्या काचेवर थेंब ठेवायचा, एक डोळा मिटायचा आणि खिडकीकडे पाहायचं. नळी बरोबर सांगते. पण काकांचा तिच्यावर भरवसा नाही. ते ड्रममध्ये बोट बुडवून चाटतात, त्यांचा चेहरा पडतो आणि मग शेजारच्या दाराची, म्हणजे माझी, बेल वाजते.

"भाऊ, चाखून सांगा बरं. मागच्या खेपेपेक्षा खारं लागून राहिलं काय?"

गेली काही वर्षं माझा रविवार असा चहाआधी समुद्र पिऊन सुरू होतो. सुरुवातीला मी चिडायचो. पण भीती खोकल्यासारखी एकाची दुसऱ्याला लागते. आता लाइन गेली की त्यांचा इन्व्हर्टर सुरू झाल्याचा आवाज येईपर्यंत मी पंख्याकडे न पाहता मधल्या भिंतीला कान लावून बसतो.

मुळात हा समुद्र काकांचा नाहीच. तो निखिलचा, त्यांच्या एकुलत्या एक मुलाचा. निखिल मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहे. पहिल्या सफरीवरून परत आला तेव्हा त्यानं हौसेनं ही टाकी मांडली आणि सुट्टी संपल्यावर, "बाबा, फक्त पाणी बदलत राहा," असं सांगून निघून गेला. काकांचं सगळं आयुष्य खापा गावच्या शेतात आणि नागपूरच्या कचेरीत गेलेलं. खरा समुद्र त्यांनी आजवर पाहिलेला नाही. पोरगं कशावर तरंगतंय हे त्यांना या टाकीवरूनच काय ते कळतं. आणि मग कधीतरी त्यांच्या डोक्यानं ठरवून टाकलं की इथलं पाणी नीट असलं की तिथलंही नीट असतं. मला हे त्यांनी एकदाच सांगितलं, तेही दुसरीकडे पाहत. "येडपटपणा आहे, मले समजते," म्हणाले, "पण पाणी बिघडू देऊन पाह्याची हिंमत नाही होत."

काकूंचं मात्र निराळं. त्या बाई म्हणजे निवांतपणाचा कळस. समुद्रापायी घरात उदबत्ती बंद, धूप बंद, मिरचीची फोडणी बंद. "देवाले चालते म्हणते धुराबिगर, माशाईलेच नाही चालत," एवढंच त्या बोलतात आणि शेंगा सोलत मालिका पाहतात. निखिलच्या फोनला उशीर झाला की काका घरभर येरझाऱ्या घालतात आणि काकू म्हणतात, "तुमी चकरा मारल्यानं रेंज येते काय जी?" काका मला नेहमी सांगायचे, "ही भेत नाही कशाले. हिच्याकडे पाहून मी तगून राहिलो, भाऊ. हीपण भ्याली असती तर मी कधीचाच खल्लास."

या उन्हाळ्यात निखिलचा फोन थांबला. पुढच्या बंदरापर्यंत रेंज नाही असं तो सांगूनच गेला होता. पण बंदर गाठायचा दिवस उलटला, आणखी काही दिवस गेले आणि टीव्हीवर कुठल्याशा समुद्रातल्या वादळाची बातमी लागली. काकांनी टीव्हीचा प्लगच काढला. कंपनीच्या कचेरीत फोन केला तर तिकडून, "जहाज येतंय, काळजी करू नका," एवढंच उत्तर. काळजी करू नका म्हटल्यावर जी काळजी सुरू होते तिला तोड नाही. आणि नेमकी त्याच आठवड्यात पोवळी मिटली. एकेक करून सगळी. काका टाकीसमोर स्टूल टाकून बसले आणि उठेचनात. काकूंनी टीव्हीचा प्लग परत लावला आणि मालिका पाहू लागल्या. मला तर त्यांचा रागच आला.

रविवारी बेल वाजली. मी सवयीनं बोट पुढे करून दार उघडलं. दारात काका उभे, हातात चहाची गाळणी. गाळणीत मोहरी होती आणि पाण्यानं टम्म फुगलेल्या दोन लाल मिरच्या.

"हे काय?"

"ड्रममधून निघालं."

मला वाटलं, आता आकाश कोसळणार. पण ते माझ्या उंबऱ्यावरच बसले.

"हिनं दृष्ट काढली, भाऊ. पोट्ट्याची. फोटोवरून काढली असन."

मग त्यांनी हळूहळू उलगडून सांगितलं. दृष्ट काढलेली मीठ-मोहरी विस्तवात टाकायची. पण घरात धूर चालत नाही, मिरचीचा तर नाहीच. विस्तव नसला तर वाहत्या पाण्यात सोडायची. तिसऱ्या मजल्यावर वाहतं पाणी कुठून आणणार? पूर्ण घरात एकच पाणी फिरत होतं, ड्रममधलं. आणि तेही समुद्राचं. पोरगं जिथे आहे तिथलंच म्हणा ना. काकूंनी सगळा विचार करून, हात नुसत्या पाण्यानं धुऊन ती मूठ तिथं सोडली असणार.

"म्हणजे तिलेबी भेव वाटून राहिलं," काका म्हणाले. "माह्या वरताण."

गाळणीतून त्यांच्या धोतरावर थेंब पडत होते.

"मोहरी तर मी गाळली. मीठ कसं गाळू?"

मी म्हटलं, ड्रम ओतून द्या, नवीन पाणी करा. ते घाबरून उठलेच. "फेकून देऊ? त्यात पोराची दृष्ट आहे न. तिनं सोडलेली." बरं, टाकीत घालावं तर पोवळी आधीच मिटलेली, त्यात हे घरचं मीठ आणि मिरचीचं पाणी. आम्ही गॅलरीत गेलो. काकांनी नळी डोळ्याला लावली. मीठ बरोबर होतं. मग त्यांनी बोट बुडवलं, मीही बुडवलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"जरासं तिखट आहे," मी म्हटलं.

"हाव."

आतून मालिकेचा आवाज येत होता, नेहमीपेक्षा मोठा. काकांनी ड्रमची कड धरली. माणूस साबणाच्या वासाला भिणारा. मला खात्री होती की ते पाणी मोरीत जाणार.

"घालतो," ते म्हणाले. "तिच्या हातचं आहे."

ड्रममधलं पाणी बादलीनं बैठकीत आणलं, मी बादली धरली आणि त्यांनी टाकीत एकेक मग पाणी सोडलं. अर्धं पाणी माझ्या पायावर. नारिंगी मासे कोपऱ्यात जाऊन बसले. पोवळी होती तशीच राहिली. शेवटचा मग रिकामा झाल्यावर काकांनी गाळणी घासूनपुसून स्वयंपाकघरात जागच्या जागी अडकवली आणि मला खुणेनंच सांगितलं, तिच्यापाशी बोलायचं नाही. मी मान हलवली.

निघालो तेव्हा काकू शेंगांचं ताट बाजूला ठेवून माझ्या मागोमाग दारापर्यंत आल्या. दार अर्धं ओढून घेतलं. जवळून पाहिलं तर डोळे सुजलेले.

"भाऊ, ड्रममध्ये त्यायले काही दिसलं काय?"

"नाही," मी म्हटलं. "काय दिसायचं?"

त्यांनी श्वास सोडला. "मग ठीक आहे. त्यायले वाटते मी भेत नाही म्हणून. तेवढाच आधार आहे त्यायले."

आतून काकांनी हाक मारली, "फोन वाजला काय वं?"

"नाही जी," काकू एकदम साध्या आवाजात म्हणाल्या, "मोटर आहे ते." आणि त्यांनी दार लावून घेतलं.