नानाचा नेम

त्या दिवशी नानाच्या गच्चीवर आम्ही चौघं होतो. नाना, पोलीस हवालदार, तक्रार करणारे नव्या बंगल्यातले साहेब, आणि रिकामे डबे परत द्यायला आलेली मी.

तक्रार अशी, की हा म्हातारा रोज सकाळी बंदूक लावून मेहरूण तलावाकडं नेम धरतो.

बंदूक नव्हतीच. बंदुकीवरची दुर्बीण होती. जुन्या लढायांत लपून गोळी मारणाऱ्या शिपायांच्या दुर्बिणी जमवायचं नानाला वेड. स्वतः फौजेत होता, पण स्वयंपाकी. उभ्या जन्मात गोळी झाडली नाही. धुळ्याच्या भंगारात अशी नळी आली की हा पहिल्या एस्टीनं हजर. काचेला ओल लागू नये म्हणून नळ्या तांदळाच्या डब्यात पुरून ठेवतो, त्यामुळं घरात भात कधी शिजत नाही. जळमटंही काढू देत नाही. दुर्बिणीत नेमाची बारीक फुली असते, जुन्या काळी ती कोळ्याच्या धाग्याची करायचे म्हणे. "तुटी गई तं धागा कोठून लयसू, अक्का?"

हवालदारानं विचारलं, "बंदूक कुठंय?"

"बंदूक कशाले? बंदूक आंधयी ऱ्हास. डोया खरा." हे त्याचं नेहमीचं.

"मग नेम कोणावर? माझ्या बंगल्यावर?" साहेब तापले.

"तुमना बंगलामां देखासारखं काय शे? हाऊ मना रोजना नेम शे."

"बघा, कबूल केलं!"

मी म्हटलं, "अहो साहेब, उपासाचा असतो तसला नेम. माझा सोमवार, तसं त्याचं हे."

हवालदार म्हणाला, नळ्या ठाण्यात जमा कराव्या लागतील. नाना म्हणाला, "सगळ्या बठ्ठ्या लई जा. कठडावरली तेवढी ऱ्हाऊ द्या."

कठड्यावरची नळी सिमेंटात पक्की बसवलेली. हवालदारानं तिला डोळा लावला.

"पत्र्याचं घर दिसतंय. निळा ड्रम. बाहेर चूल. फुली बरोबर चुलीवर आहे."

ते माझं घर. तलावाच्या पलीकडं.

माझा माणूस आणि नाना पारोळ्याकडचे, एका गावचे. माणूस गेला त्या साली घरात पीठ नसायचं. मी कोणाला बोलले नाही. पण चूल पेटली नाही की दुपारी रिक्षावाल्याच्या हातून नानाचा डबा यायचा, पिठलं-भाकरी. निरोप एकच, "जास्त व्हयनं." एकट्या माणसाचं सारखं जास्त कसं होतं, हे विचारायचं सुचलं नाही. भूक लागलेली असायची.

"आज चूल पेटलेली नाही," हवालदार म्हणाला.

"मी इकडं आलेय ना," मी म्हटलं.

"म्हणीसन तं पिठलं टाकेल शे," नाना म्हणाला.

हवालदारानं माझ्या हातातल्या रिकाम्या डब्यांकडं पाहिलं आणि काही न नेता जिना उतरला. साहेबांना नानानं ताट वाढलं. ते नको म्हणाले, मग जेवले.

आता पोरीनं मला गॅस घेऊन दिलाय. गॅसला धूर नसतो. पहिला आठवडाभर रोज डबा आला. माणसानं पिठलं खावं तरी किती? सांगून टाकावं म्हटलं. पण मग तो सकाळचा गच्चीवर कशाला चढेल? घरात दुसरं कोणी नाही त्याच्या. म्हणून चहा गॅसवर करते, आणि बाहेरच्या चुलीत एक गोवरी पेटवून ठेवते. वर भांडंही ठेवत नाही.

तर वाचणाऱ्यांनो, कधी मेहरूणला आलात आणि नाना भेटला, तर दुर्बिणीचं खुशाल बोला. माझ्याकडं गॅस आहे, एवढं त्याला सांगू नका.