साळूबाईंचा न दिसणारा फोटो

एका जंगलात, जिथे वाघालासुद्धा सकाळी डोळे उघडताच जाहिरातींचे सतरा ईमेल येत, साळूबाई नावाच्या एक साळिंदरबाई राहत होत्या. त्यांचं गाद्यांचं दुकान होतं.

हसू नका रे! अंगावर काटे असणाऱ्याने मऊ गाद्या शिवू नयेत, असा काही नियम नाही. उलट साळूबाईंना कापूस पिंजायला यंत्रही लागत नसे. त्या कापसात नुसत्या लोळत.

दुकानाची गुहा मात्र तरसरावांची होती. त्यांनी बजावलं होतं, "पौर्णिमेपर्यंत सगळ्या गाद्या खपल्या तर गुहा तुमची. नाहीतर खाली करा. मला इथे हास्य क्लब काढायचाय."

म्हणून साळूबाईंनी जाहिरातीसाठी फोटो काढून घेतला. एकेका काट्याला तेल लावलं. नवी कोरी गादी, गादीवर साळूबाई आडव्या, गालाला पंजा. फोटो ईमेलमध्ये घातला आणि साऱ्या जंगलाला धाडला.

दुसऱ्या दिवशी अस्वलकाका तणतणत आले.

"बाई, हा काय चावटपणा? वर लिहिलंय, 'अशी गादी तुम्ही पाहिली नसेल.' आणि खाली नुसती रिकामी चौकट! कोपऱ्यात फुली! मग खरंच नाही पाहिली!"

"अगंबाई! माझ्याकडे तर दिसतोय," म्हणत साळूबाई लॅपटॉप आणायला आत गेल्या. परत येऊन पाहतात तर काका गादीवर घोरत होते. उठले, पैसे मोजले, गादी पाठीवर टाकली आणि चालते झाले. फोटो पाहायचा राहूनच गेला.

मग रांगच लागली. हत्ती आला, हरणं आली, चौथ्या दिवशी कासवही पोचलं. जो तो भांडायला यायचा, उभं राहून पाय दुखले की गादीवर टेकायचा आणि जाताना गादी घेऊन जायचा. पौर्णिमेला दोन दिवस होते आणि दुकानात तीनच गाद्या उरल्या होत्या.

आणि साळूबाई रडत होत्या! एवढं तेल चोपडून काढलेला फोटो, आणि कुणी एकानेही तो पाहिला नव्हता.

त्यांनी वानरे सरांना बोलावलं. सर या विषयातले मोठे जाणकार. तसं ते स्वतःच सांगत.

सरांनी लॅपटॉप बंद करून चालू केला. फोटो लहान केला. मग मोठा केला. मग विचारलं, "फोटो काढताना तुम्ही हललात का?" तरी सरांच्या मोबाइलवर आपली फुली ती फुलीच.

शेवटी सरांनी डोकं खाजवलं. त्यात आधी एक ऊ सापडली आणि पाठोपाठ चूक सापडली.

"बाई, फोटो तुम्ही पाठवलाच नाही. ईमेलमधून नुसता पत्ता गेलाय. 'घरात, डावीकडच्या फडताळात.' तुमचा लॅपटॉप तुमच्या फडताळात बघतो, त्याला सापडतो. अस्वलाचा लॅपटॉप अस्वलाच्या फडताळात बघतो. तिथे मध आहे."

सरांनी फोटो साऱ्या जंगलाला पोचता येईल अशा जागी इंटरनेटवर ठेवला, तिथला पत्ता ईमेलमध्ये घातला आणि ईमेल पुन्हा धाडला.

या वेळी फोटो सगळ्यांना दिसला. लख्ख दिसला. गादी दिसली, गादीवर साळूबाई दिसल्या, आणि तेलाने चकाकणारा एकूण एक काटा दिसला.

भांडायला कुणी आलं नाही. गादी घ्यायलाही कुणी आलं नाही. आले ते एकटे अस्वलकाका, पाठीवर गादी घेऊन.

"परत घ्या. टोचते."

"अहो, चार दिवस झोपलात ना हिच्यावर?"

"तेव्हा नव्हती टोचत. सकाळी ईमेल पाहिला, तेव्हापासून टोचतेय."

त्यांच्यामागे हत्ती होता. हत्तीमागे हरणं होती. कासव वाटेत होतं.

साळूबाई धावत वानरे सरांकडे गेल्या. "सर, तुमच्या पाया पडते, ती फुली परत आणा हो!"

"छे छे," सर छाती फुगवून म्हणाले. "माझं काम पक्कं असतं."

पौर्णिमेला हास्य क्लब सुरू झाला. सभासदांना बसायला गाद्या आयत्याच मिळाल्या. कुणाला हसू येईनासं झालं की तरसराव भिंतीवर लावलेल्या साळूबाईंच्या त्या फोटोकडे बोट दाखवत. मला बाईंचं फार वाईट वाटतं. गाद्या खरोखरच मऊ होत्या हो.

तात्पर्य : तक्रार घेऊन आलेल्याला प्रेमाने बसायला गादी द्यावी. त्याची तक्रार मात्र चुकूनही दूर करू नये.