कोरणाऱ्यांचा कैवारी

आमचे केळकरकाका पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी त्याचा हात बघतात. भविष्य सांगायला नव्हे. "बोटं पसरा. थरथरत नाहीत ना?" एकदा त्यांनी पिझ्झा घेऊन आलेल्या माणसाचीही दारातच तपासणी केली. तो बिचारा टिप न घेता पळाला.

अमेरिकेत, ईडन प्रेरीत आमची टाउनहाउसं भिंतीला भिंत लावून आहेत, म्हणून मला हे सगळं भोगावं लागतं. रिटायर झाल्यावर काका जुन्या जपानी ठशांच्या नादी लागले. लाकडात चित्र कोरायचं, शाई लावायची, कागदावर उठवायचं. बरं, बाकी जगाला त्यातले चित्रकार आवडतात, यांना नाही! म्युझियममध्ये लोक त्या प्रसिद्ध लाटेच्या चित्रापुढे उभे राहून "वॉव" करत असतात आणि हे मागून ओरडतात, "नाव चित्रकाराचं, मान मोडली कोरणाऱ्याची!"

एक चित्रकार म्हणे आयुष्यभर नावं आणि घरं बदलत राहिला, आणि म्हातारपणी म्हणायचा, आत्ता कुठे रेघ जमायला लागलीय. मी हे कौतुकानं सांगायला गेले, तर काका फणकारले.

"आणि त्याच्या चित्रांतल्या बायकांच्या अंबाड्यातला एकेक केस लाकडात कोणी काढला? ते काम हाती येईपर्यंत कोरणाऱ्याचे स्वतःचे केस पिकायचे. त्याचं नाव सांग बघू!"

जणू यांच्या सख्ख्या भावाचं प्रमोशन हुकलं होतं.

गराजमध्ये सराव चालायचा. आधी साबण, मग दुधी. "आज भाजीत डोंगर आहे, जपून चावा," असं काकू वाढताना सांगायच्या. मग चेरीचं लाकूड आलं आणि माझी झोप उडाली.

त्याचं कारण काकू. त्या फार सुंदर चित्रं काढायच्या. मग नजर विझत गेली. आता समोर धरलेला चमचाही दिसत नाही. त्यांनी शेवटचं काढलेलं चित्र घरामागच्या तळ्याचं: डावीकडे बाक, उजवीकडे बर्चचं झाड, मधे बर्फ. काकांना नेमकं तेच कोरायचं होतं. आणि त्या जुन्या पद्धतीत मूळ चित्रच लाकडावर पालथं चिकटवतात आणि कागदासकट कोरतात. ठसा तयार, चित्र खलास. सुरी घसरली तर दोन्ही गेलं. त्यात हल्ली काकांचाच हात थरथरू लागला होता. पाहुण्यांचे हात का बघत होते, ते मला तेव्हा कळलं.

"काका, प्लीज, स्कॅन करून प्रिंटआउट चिकटवा ना!"

"झेरॉक्सवर कोरू? छे! हिच्या हातची रेघ पाहिजे."

"अहो, पण चित्र जाईल!"

"जाईल," काका म्हणाले आणि सुरीला धार लावू लागले. एवढा राग आला मला!

तो अख्खा हिवाळा मी भिंतीला कान लावून काढला. टीमची मीटिंग चालू असायची आणि मी पलीकडची टकटक ऐकत असायचे. टकटक थांबली की माझं बोलणंही अर्ध्यावर थांबायचं. घसरली वाटतं!

बर्फ वितळायला लागलं तेव्हा काकांनी बोलावलं. कोरलेला लाकडी ठसा टेबलावर होता. काकू शेजारी बसल्या होत्या. मी वाकून पाहिलं. बाक डावीकडे होता. पालथं चिकटवलं असतं तर लाकडात तो उजवीकडे यायला हवा! प्रत्येक पॉटलकच्या जेवणाला आम्हाला पकडून हे शिकवणाऱ्या माणसानं चित्र सुलटं चिकटवलं होतं. आणि चित्र तर आता उरलंच नव्हतं.

"काका, काय केलंत हे? छापलं की सगळं उलटं येणार!"

"छापायचंय कुणाला?" काका म्हणाले.

त्यांनी काकूंचा हात धरला आणि बोटं लाकडावर टेकवली. मग बोटं हळूहळू सरकू लागली.

"बाक," त्या म्हणाल्या. "हा काठ. बर्च... अहो, इथली फांदी तुटलीय."

"सुरी घसरली गं." काकांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. मला रडू आवरेना.

काकूंचं बोट त्या तुटक्या जागीच फिरत राहिलं.

"असू दे हो. बर्फ फार पडलं होतं त्या वर्षी."